हिरव्या टोपीचा सलाम

आयोवा, नोव्हेंबर १९४६

प्रिय हॅरिएटताई,

आईला सांग, मी मजेत आहे. पत्र्याच्या बराकीत राहतो खरा, पण शेगडी आहे, आणि इथे कुणी गोळ्या झाडत नाही.

विद्यापीठाच्या वार्षिक अंकासाठी फोटो काढायचं काम मिळालं होतं. काल त्याची किळस आली. इथे पहिल्या वर्षाच्या पोरांनी हिरवी टोपी घालायची आणि वरच्या वर्गातला कुणी दिसला की तिला उजवा हात लावून सलाम करायचा, अशी रीत. लढाईवरून आलेल्यांनाही सूट नाही.

माझ्या बराकीतल्या वेंडेलला अंकाच्या संपादकाने अडवलं. त्या संपादकाला मिसरूडही फुटलेलं नाही अजून! म्हणाला, "सलाम कर, फोटो हवाय."

वेंडेल म्हणाला, "उजवा हात फ्रान्समध्ये राहिलाय, राजा. जाऊन घेऊन ये, मग करतो."

सगळे फिदीफिदी हसले. संपादक मला म्हणतो, "डावीकडून घे रे. रिकामी बाही दिसली तर पान उदास वाटतं."

मी बाहीसकट फोटो घेतला आणि काम सोडलं. तो फोटो सोबत आहे. आईला दाखवू नकोस, तिला झोप लागायची नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? तांबडी गाय व्याली का?

आईला म्हणावं, लोकरीची आणखी एक टोपी विण. पहिली मी वेंडेलला दिली. हिरवीऐवजी तीच कानांवर ओढून तो हिंडतो, आणि समोर कुणीही आलं तरी तिला हात लावत नाही.

तुझा धाकटा,
एल्मर