ओल्या लुगड्याचं उदाहरण

१७ जानेवारी १९९४, वडूज

परत आला! साक्षरता वर्गाच्या पुस्तकासाठी लिहिलेला माझा धडा साताऱ्याहून परत आला. विषय एवढाच – ओढ्यावर बांध घातला की खालच्या विहिरींचं पाणी कसं वाढतं. संपादक गोपाळकृष्ण सरांनी समासात लिहिलंय, 'माहिती बरोबर आहे. डोळ्यांपुढे काही येत नाही. उदाहरण द्या.' आठवड्याची मुदत. नाहीतर पुस्तक माझ्या धड्याशिवाय छापायला जाणार.

१८ जानेवारी

एक मागितलं, मी तीन दिली – स्पंज, टीपकागद, दिव्याची वात. खूश आहे.

१९ जानेवारी

दुपारी शाळेतल्या माझ्या साक्षरता वर्गात वाचून दाखवलं. अकरा बायका होत्या. मग रंगुबाईंनी विचारलं, स्पंज म्हणजे काय. ते सांगण्यात पंधरा मिनिटं गेली, पाणी राहिलं बाजूलाच.

मग मनुबाई बोलल्या. साठीच्या आहेत, दोन एकर कोरडवाहू, विहीर ओढ्याच्या खालच्या अंगाला.

"आवं बाई, पानी अडणार वर, आमची हीर हाय खाली. मग आमाला त्याचं काय?"

ज्या प्रश्नासाठी धडा लिहिला, तोच प्रश्न! म्हणजे तिन्ही उदाहरणं फुकट.

२० जानेवारी

काही सुचलं नाही. भाजी करपली.

२१ जानेवारी

सुचलं – मला नाही, मनुबाईंना! धुणं धुऊन घरी गेल्या, बुट्टी उतरवली, आणि काय दिसलं कोण जाणे, तीच बुट्टी डोक्यावर घेऊन तडक शाळेत. माझा हात धरून तळातल्या चोळीवर ठेवला. चोळी ओली.

"ही कोरडी ठिवली हुती. लुगडं वलं, ते पार वर. हिच्यावर कुनी पानी वतलं न्हाई. जमिनीत असंच मुरत असंल का वो?"

असंच मुरतं. अगदी असंच! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, मारलीही.

तिन्ही उदाहरणं खोडली, हे एकच लिहिलं. शेवटी दोन ओळी जोडल्या – बांधाचं पाणी म्हणजे वरचं लुगडं, मधले कपडे म्हणजे जमीन, तळातली चोळी म्हणजे विहीर. नाहीतर वाचणारी धुण्यातच अडकायची. वर्गात वाचलं तेव्हा रंगुबाई मधेच म्हणाल्या, मग बांध कवा घालायचा?

लगेच टपालात टाकलं.

२९ जानेवारी

सरांचं कार्ड. धडा घेतला! 'उदाहरण उसनं वाटत नाही. कुठून आणलंत?' मनुबाईंचं नाव कळवलं. धड्याखाली तेही छापा म्हटलं.

३ फेब्रुवारी

मनुबाईंनी वहीत स्वतःचा पहिला परिच्छेद लिहून आणला. एक अक्षर दुरुस्त केलं नाही.

'भ्या समद्यांला वाटतं. उदारन, आमाला शिकवनाऱ्या उमाबाई. पयल्या दिवशी खडू धरला तवा त्यांचा हात कापत हुता. मी बगितलं. मग मी बी पेनसील धरली.'

आणि मला वाटत होतं, कुणाला दिसलं नाही.