विसाव्या फेरीला थांबवलेलं पाणी

प्रिय लिम्बानी,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही. सहा वर्षांपूर्वी ते खरं होतं.

तू आपल्या खात्याचा प्रमुख झालास, फोटो पाहिला. कोट छान बसलाय. मी बलाका गावच्या शाळेत मुलींना गणित शिकवते. मागच्या आठवड्यात संगणकावर शिकवलं, की एक आकडा धरायचा, त्यावरून दुसरा काढायचा, तो पुन्हा आत घालायचा, आणि लागोपाठचे दोन आकडे जुळेपर्यंत हेच करत राहायचं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मध्येच थांबवलं तर?" मी म्हटलं, "तरी उत्तर मिळतं. ते चुकीचं असतं, एवढंच." आणि पुढे मला शिकवता येईना. मुलींना वाटलं, मलेरिया उलटला.

शिरे नदीचा पूर कुठवर चढेल, ते सांगणारा प्रोग्रॅम लिहायला मला अकरा महिने लागले. शेजारच्या टेबलावर तू नकाशे करायचास, आणि दुपारी आपण एकाच डब्यातली मक्याची न्सिमा खायचो. आपलं लग्न ठरलेलं साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. मपोन्डे गावाच्या वळणावर नदी पुलाशी तुंबते, म्हणून तिथला हिशेब फार हळू जुळायचा. दर फेरीला पाणी बोटभर वर सरकायचं, आणि दीडशे फेऱ्या झाल्या तरी थांबायचं नाव नाही. तू वैतागायचास. "तेच तेच किती फिरवायचं, वेझी? वीस फेऱ्या पुष्कळ झाल्या." मी तुला बजावलं होतं, की दोन फेऱ्यांत एका सेंटिमीटरपेक्षा कमी फरक उरेपर्यंत थांबायचं नाही.

मग मी तापाने पडले, आणि त्याच आठवड्यात वरून पाहुणे आले. कोणतं गाव बुडेल त्याचा तक्ता जेवणाआधी त्यांच्या हातात पडायला हवा होता, म्हणून तू माझी अट काढलीस आणि विसाव्या फेरीला पाणी थांबवलंस. तक्त्यात मपोन्डे पुराच्या वर, सुरक्षित. सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. पावसाने जोर धरला तेव्हा माझी बहीण तियामिके हिने मला फोन केला. ती त्या गावची सुईण. शेजारणी टेकडीवरच्या चर्चकडे निघाल्या होत्या, आणि तिच्या घरात एक बाळंतीण होती. तिने विचारलं, "निघू का गं?" मी तक्ता उघडून पाहिला आणि म्हटलं, "कशाला तिला हलवतेस? पाणी तुझ्या उंबऱ्याच्या हातभर खाली राहील." माझाच हिशेब होता ना, तू तो मध्येच तोडलास हे मला कुठे ठाऊक? तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती सापडली. बाळंतीण आणि बाळ सापडलीच नाहीत.

चौकशीत तू खाली मान घालून म्हणालास, "प्रोग्रॅम वेझीने लिहिला होता." खोटं नव्हतं ते. ऑफिसमधलं यंत्र तोवर भंगारात गेलं होतं, त्यात कोणी काय बदललं ते दाखवायला काही उरलं नव्हतं. माझी नोकरी गेली. मपोन्डेच्या बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, आणि तू अंत्यविधीला माझ्या शेजारी उभा राहून रडलास. त्या रडण्याचा राग मला तियामिकेच्या मरणाइतकाच आहे.

सहा वर्षांनी गावकऱ्यांनी अर्ज करकरून चौकशी पुन्हा उघडायला लावली. मग तू मेहुण्याला माझ्याकडे पाठवलंस. मी गप्प राहिले तर विद्यापीठात जागा मिळेल म्हणे. मी त्याला चहा दिला, विचार करते म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी बस धरून थ्योलोला तुझ्या आईकडे गेले.

त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तुझा जुना लॅपटॉप खिडकीत होता. चर्चची गाणी ऐकायला तू तो त्यांना दिलास, आतलं काही पुसलं नाहीस. मी त्यांच्यासमोरच तो उघडला, आणि प्रोग्रॅमची तुझी प्रत त्यात मिळाली. बदललेल्या प्रत्येक ओळीपुढे आपली आद्याक्षरं आणि तारीख टाकायची तुला हौस, तशी हिशेब कधी थांबवायचा त्या ओळीपुढेही होती. 'वीस', पुढे एल. के., पुढे तारीख. मी तापाने इस्पितळात पडले होते, त्या दिवसाची.

मायींनी विचारलं, "हे त्यानेच केलं, असं यात लिहिलंय?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग उठल्या, लॅपटॉप चितेंजेच्या कापडात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "माझं बाळंतपण करणारी सुईण अशी बुडाली असती, तर मी काय केलं असतं?" गेल्या सोमवारी मी तो चौकशीच्या न्यायाधीशांकडे जमा केला. तो तुझाच आहे, या जबाबावर मायींनी सहीही केली आहे.

निघताना त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं. "चारचौघांत कळण्याआधी त्याला तू सांग, मुली." तुझ्यासाठी मी हे केलं नसतं, त्यांना शब्द दिला, म्हणून हे पत्र. न्यायाधीशांच्या कारकुनाला सांगून ठेवलंय, गुरुवारी सकाळी पावणेदहाला तुझ्या हातात द्यायचं. दहाला चौकशीत तुझं नाव पुकारतील. पहिल्या बाकावर मपोन्डेच्या बायका असतील, आणि त्यांच्यात तुझी आई.

तियामिकेची बहीण,
वेझी