डोंबिवलीची खोली

ठाणे, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९५३

परवा माहेरच्या ट्रंकेत कॉलेजात वाचलेली एक अमेरिकन कादंबरी सापडली. संसार सोडून स्वतःची खोली घेणारी तिची नायिका तेव्हा मला आगाऊ वाटली होती. आता हेवा वाटतो. मी विनोदी लेख लिहिते तेसुद्धा एक डोळा आमटीवर ठेवून!

आज डोंबिवलीला लिहिण्यासाठी खोली पाहिली. खिडकीतून नुसतं माळरान. काय खिडकी होती!

मालक म्हणाले, "बिऱ्हाड कुठंय?"

"मीच."

"एकट्या बाईला देत नाही. यजमानांना पाठवा."

घरी ह्यांना सांगितलं. लगेच म्हणाले, "अगं, येतो की! आणि रविवारी मीही येत जाईन तिथं. गप्पा मारू."

त्या नायिकेचं बरं, तिचा नवरा तुसडा होता. ह्या भल्या माणसाला 'तुम्ही येऊ नका' कसं सांगू?