वीतभर खाली गेलेलं पाणी

बाबा, या श्रावणात पावसाने उघडीप दिली आणि वरच्या खाचरातलं पाणी मी मुद्दाम उतरू दिलं. चुकून नाही, मुद्दाम. एवढं वाचूनच तू शिवी हासडशील हे मला ठाऊक आहे, म्हणून बाकीचं एका दमात सांगते.

आपलं शेत खारातलं. मातीच्या बांधापलीकडे खाडी, अलीकडे भात. लहानपणी मासे धरायला मी खाचराच्या कडेला टाचेने वाट पाडली होती, तेव्हा तू फावडं टाकून धावत आलास. मारलं नाहीस. हातांनी चिखल दाबून वाट बुजवलीस आणि मग म्हणालास, "खाली खारं पानी हाय, बाय. वरचं गोडं पानी त्याला दाबून ठेवतं. हे हटलं का ते वर आलंच समज. मंग खा माती." संध्याकाळी आई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे, मी फुरंगटून बसले आहे. पहिली भाकरी तू माझ्या ताटात टाकतोस. "ही त्या पान्यावर हाय," एवढंच म्हणतोस. तेव्हापासून कोरडं खाचर दिसलं की मी आधी कडेला कुठे वाट पडलीय का ते बघते.

यंदा म्हसळ्याची एक मुलगी, शेतीचं शिकलेली, गावात आली. तिने खाचरात भोकं पाडलेला पाइप पुरला. ती म्हणते, सतत तुंबलेल्या पाण्याखाली चिखलाला हवा मिळत नाही, तिथे मुळं-पेंढा कुजून वायू निघतो आणि तो वर जाऊन हवा तापवतो. म्हणून पाणी उतरू द्यायचं, पाइपात ते वीतभर खाली गेलं की पुन्हा भरायचं. वायू पुष्कळ कमी होतो. मी विचारलं, "आणि खार वर आली तर?" तिने थाप मारली नाही, ते मला आवडलं. "भीती आहेच, ताई. म्हणून बांधाजवळची खाचरं नकोत, वरचं एकच करू. बियाणं खार सोसणारं घेऊ, मी खार मोजायचा मीटर लावत राहीन."

मला बोचतं ते वेगळंच. हल्ली उधाणाला बांध सारखा फुटतो. हवा तापली म्हणून समुद्र चढतोय म्हणतात. म्हणजे समुद्राला बाहेर ठेवायला तू जन्मभर जे पाणी राखलंस, त्यानेच त्याला थोडा हात दिला? गाड्या आहेत, कारखाने आहेत, आपल्या चार खाचरांनी कितीसं होणार, हे मलाही कळतं. तरी कुणीतरी तुझ्यावर आळ घेतल्यासारखं वाटतं आणि मला राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही. आणि काहीच केलं नाही तर बांध किती दिवस टिकेल, हीही भीती आहेच.

आज चिखलाला बारीक भेगा पडल्या. पाइपातलं पाणी वीतभर खाली गेलेलं. मीटर सांगत होता, खार वाढलेली नाही. तरी मी वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली, तू ठेवायचास तशी. खारट लागली. पण घामाने माझे ओठही खारटच होते, त्यामुळे काहीच ठरवता येईना. मग गोड्या पाण्याच्या तळ्यावरचा पंप लावला. पाणी भेगांत शिरत होतं, मुलगी खुशीत फोटो काढत होती. मी मात्र कोपऱ्यात कुठे मिठाचं पांढरं फुटलंय का, तेवढंच शोधत होते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरवायचं आहे. मी हो म्हटलंय.

हे पत्र जाणार कुठे, कणगीमागे खोचून ठेवीन. फक्त एक कबूल करते. तू असतास, बांधावर उभा राहून "पानी कुठं गेलं?" म्हणून विचारलं असतंस, तर यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नसतं. पंप बिघडलाय, म्हणाले असते.