मोगऱ्यावरची वेल

बाबा,

तुम्हाला पुन्हा डोळा लागलाय, म्हणून न उठवता कामावर निघालेय.

पहाटे अर्धवट झोपेत खिडकीतून पाहिलं. मी काल उपटलेल्या वेलीचे तुकडे तुम्ही वाफ्यात परत खोचत होतात, आणि हळूहळू काही बोलत होतात. धुक्यात वाटलं, तुमच्यासमोर आईच बसलीये.

वेल आईने लावलेली, ठाऊक आहे मला. पण पसरत पसरत तिने आईच्याच मोगऱ्याला वेढलंय. आई गेल्यापासून त्याला एक कळी नाही. म्हणून तुकडे पुन्हा काढलेत, उरलेली मुळं पुन्हा फुटू नयेत म्हणून वर ओला पुठ्ठा अंथरलाय. तो उचलायचा नाही हं, लबाडी चालणार नाही!

एक तुकडा व्हरांड्यात कुंडीत लावलाय. शेजारी तुमची खुर्ची ठेवलीये. तिथे गार वारा लागत नाही, निवांत बोला.

— धाकटी