जातो म्हणू नये

रेल्वे क्वार्टर्स, जयपूर
६ ऑक्टोबर १९८६

सुमे,

तुला, सदाशिवरावांना आणि माझ्या प्रतिमाराणीला पोटभर आशीर्वाद. इकडे ह्यांचा गुडघा कुरकुरतो, मी कुरकुरते, असं आमचं दोघांचं चाललंय.

तुझं पत्र परवा आलं. किती ग आढेवेढे घेतलेस! आधी भरताची वांगी, मग शेजारणीची म्हैस, मग भुसावळचं ऊन, आणि पार शेवटी चोरासारखं एक वाक्य: 'ह्यांची एल.टी.सी. मंजूर झाली, अंदमानला जहाजानं जाऊ म्हणतात. ताई, तू नको म्हणालीस तर कन्याकुमारी करू.' अग वेडे, मी कशाला नको म्हणू? समुद्र काय माझ्या मालकीचा आहे? खुशाल जा. मतलब, जाऊन या. बघ, इतकी वर्षं इथे राहून माझीही जीभ घसरायला लागली.

आता नीट ऐक. जहाज म्हणजे आपली पॅसेंजर गाडी नव्हे, की फलाटावर वेळापत्रक टांगलंय. तारीख आयत्या वेळी पुढे-मागे होते. म्हणून मद्रासला दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच पोहोचा, आणि परतीच्या गाडीचं रिझर्वेशन जहाजाच्या तारखेला चिकटवून करू नका. हे सदाशिवरावांना दोनदा सांग. तारखात्यातला माणूस, सगळं वेळेवर पोहोचतं अशी त्यांची भाबडी समजूत. नावं आत्तापासून नोंदवा आणि परतीचं तिकीटही जातानाच मागा. नाहीतर तिकडे बेटावर लोक तिकिटासाठी खेटे घालत बसतात. मुंबईकडून वळसा नको, वर्ध्याला गाडी बदला.

केबिन मागताना जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागा. टोकाला झोका फार बसतो. सामान थोडं ठेव. एक होल्डॉल, एक ट्रंक आणि तुझा तो फिरकीचा तांब्या. बंदराच्या फाटकातून आत टॅक्सी सोडत नाहीत. हमाल करशील तेव्हा त्याचा बिल्ला बघून ठेव, गर्दीत सगळे सारखेच दिसतात.

जेवायला भात आणि सांबार, सांबार आणि भात. दुसऱ्या दिवशी सदाशिवराव भाकरीच्या आठवणीनं डोळे पुसतील, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढ. आलेपाक कर, लिंबं घे. उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन काही उपयोग नसतो. उपाशी राहू नकोस, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं. आणि ढवळायला लागलं की केबिनमध्ये तोंड खुपसून पडू नकोस. वर ये, पाणी आणि आभाळ जिथे मिळतं तिकडे लांब बघत बस. मी पडून राहिले होते. आंघोळीचं पाणी खारं असतं, साबणाला फेस येत नाही, डोक्यावरून घेऊ नकोस.

चपला रबरी तळाच्या घाला. लोखंडी जिने सारखे ओले असतात. मी प्रतिमाला पाठवलेल्या जयपुरी मोजड्या आहेत ना, त्या अजिबात नेऊ देऊ नकोस. रडली तरी नाही. त्यांचा तळ चामड्याचा, गुळगुळीत. ओल्या लोखंडावर तो राहत नाही.

मावशीला एवढं कसं माहीत, असं ती विचारेलच. तिला सांग, ज्यानं शोधून काढलं होतं तो फार हुशार होता. स्टेशनवर मद्रासकडचं कुणी उतरलं की त्याला चहा पाजून तासभर खोदून खोदून विचारायचा.

संध्याकाळी उडते मासे दिसतात. सगळं जहाज कठड्याशी धावतं. प्रतिमाला बघू दे, तिचा हिरमोड करू नकोस. पण हात धरून ठेव. आणि ती 'आई, मी वर जाते' म्हणाली तर तिला दुरुस्त करत बसू नकोस. मुकाट्यानं ऊठ आणि तिच्याबरोबर जा.

दिवेलागण झाली. मला दारात जायला हवं.

तुझी,
ताई

---

जयपूर
१९ ऑक्टोबर १९८६

सुमे,

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. 'ताई, दारात कशाला जायला हवं? कोण येतं दिवेलागणीला?' तार केली असतीस तर तेवढीच नवऱ्याच्या खात्याची सोय झाली असती.

ह्यांनीही तुला परस्पर लिहिलंय म्हणे. डिसेंबरअखेर रिटायर होतात, क्वार्टर खाली करायचं आहे, भुसावळला तुमच्या गल्लीतच घर बघितलंय, आणि 'आमची कलावती हलायला तयार नाही.' खरं आहे ते. इथेच जवाहर नगरात भाड्यानं घर घेऊ, असंही म्हणून झालं त्यांचं. तिथेही मी जाणार नाही म्हटलं. घराला नावं ठेवत नाही ग मी. मला हे दार सोडायचं नाही.

तुला माहीत आहे ते आधी लिहिते, म्हणजे हाताला सवय होईल. माझा दिलीप. जयपूरला जन्मला, वाळूत वाढला आणि वेड कशाचं, तर समुद्राचं. वीस वर्षांचा घोडा झाला तरी समुद्र पाहिला नव्हता. ब्याऐंशीच्या दिवाळीत आम्ही तिघं निघालो ते त्याच्याच हट्टानं. सगळी आखणी त्याची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बर्थवर आडवी होते, हे लिंबू कापत होते. वरून कुणीतरी मासे मासे म्हणून ओरडलं. दिलीपनं पायांत मोजड्या सरकवल्या आणि म्हणाला, "आई, मी ऊपर जातो."

त्याचं मराठी तुला ठाऊक आहे. शाळा हिंदी, मित्र हिंदी, आईपुरतं मराठी. लहानपणापासून मी मागे लागलेली, घराबाहेर पडताना 'जातो' म्हणू नये रे, 'येतो' म्हणावं. तो मुद्दाम चिडवायचा, "लेकिन जा तो रहा हूँ ना!" त्या दिवशीही मी उशीवरून डोकं न उचलता म्हटलं, "येतो म्हण, गाढवा." तो बोळातून हसत ओरडला, "अच्छा बाबा, येतो, येतो!"

त्यानंतरचं तुला सांगून झालंय. जहाज कललं, जिना ओला होता. कुणाची चूक नव्हती. जहाज वळवलं, पाण्यावर दिवे टाकून रात्रभर शोधलं. एक मोजडी जिन्यात सापडली. बाकी काही नाही.

आता तुला माहीत नाही ते.

परत आलो त्या आठवड्यात, दिवेलागणीला मी देवापाशी वात लावत होते. बाहेरची कडी हलली, आणि दारातून आवाज आला, "आई, येतो." माझ्या दिलीपचा. सर्दी झाल्यासारखा, थोडा भरलेला, पण त्याचाच. मी निरांजन टाकून धावले. दार उघडलं तर बाहेर रस्ता, समोरच्यांची स्कूटर, एक कुत्रं.

तेव्हापासून रोज. मी वेडी नाही, सुमे. भाजीचा हिशेब चुकत नाही माझा, मिठाचा अंदाज चुकत नाही. पण दिवेलागणीला कडी वाजते, तो म्हणतो "आई, येतो", आणि मी दार उघडून म्हणते, "ये रे, ये." तो काही येत नाही. एकदाही 'आलो' म्हणाला नाही ग. एवढं एक ऐकायला जीव कंठाशी आणून उभी राहते, आणि तो पुन्हा आपलं 'येतो'च म्हणतो. अंगावर काटा येतो. पहिल्या दिवशी आला तसाच आजही येतो. भीती वाटते, आणि एखाद्या दिवशी आलाच नाही तर, याची त्याहून जास्त वाटते.

ह्यांना तो आवाज ऐकू येत नाही. त्या वेळेला रेडिओ लावून बसतात. "कला, वारा आहे तो," म्हणतात. सकाळी उंबऱ्यावर पांढरट खार दिसतो, मी बोट लावून जिभेवर ठेवते. हे म्हणतात, जयपूरच्या पाण्यालाच खार आहे, भिंती बघ. असेल. मी भिंती चाटून बघितलेल्या नाहीत.

आता तूच सांग, मी हे दार कशी सोडू? मी त्याच्याकडून 'येतो' म्हणवून घेतलं. पोर शब्द पाळतंय. जानेवारीत इथे दुसरं कुटुंब येईल. तो कडी वाजवेल आणि परकी बाई दार उघडून विचारेल, कौन चाहिए? गोंधळून जाईल ग तो. भुसावळचा पत्ता त्याला कुणी द्यायचा?

प्रतिमाला यातलं काही सांगू नकोस. लहान आहे. प्रवास नीट करा, आणि जहाजावर माझ्यासाठी काही करू नकोस. फूल नको, नारळ नको. फक्त तिचा हात धर.

दाराशी खुर्ची टाकून बसलेली,
ताई

---

जयपूर
२९ डिसेंबर १९८६

सुमे,

तुम्ही सुखरूप परतलात, सदाशिवराव खरंच भाकरीसाठी हळवे झाले, आलेपाक संपला, हे वाचून बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या पत्रातल्या एका ओळीनं मला महिनाभर जागेवर बसू दिलं नाही.

प्रतिमानं माझं पत्र चोरून वाचलं म्हणतेस. कान पीळ तिचा, आणि मग माझ्यातर्फे एक पापा घे. जहाजाच्या कठड्याशी तुझा हात धरून ती म्हणाली ना, "आई, पण येतो तर निघताना म्हणतात. दादा निघायचं म्हणतोय. मग मावशी त्याला ये ये काय म्हणते?"

मी ते वाचलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. दहा वर्षांच्या पोरीला कळलं! मीच शिकवलेला शब्द, आणि मलाच त्याचा अर्थ उलटा लागावा? मी शिकवलं तसं पोर रोज दारात उभं राहून निरोप मागतंय. पाऊल बाहेर, तोंड माझ्याकडे. आणि मी रोज त्याला परत बोलावतेय. चार वर्षं त्याला धड आत येता येत नाही, धड जाता येत नाही. कसलं मेलं प्रेम माझं!

तरी धीर होईना. रोज ठरवायची, आज. रोज तोंडातून 'ये'च निघायचं. इकडे सामान बांधून होत आलं, ट्रंका दारात आल्या. हे नुसते दोऱ्या आवळत बसतात. उद्या किल्ली द्यायची आहे. म्हणजे कालची आणि आजची, दोनच दिवेलागणी उरल्या होत्या.

काल दुपारी मी ह्यांना सगळं सांगितलं. प्रतिमाचं वाक्यही. हसतील किंवा चिडतील वाटलं. उठले, सायकल काढली, आणि दही घेऊन आले. म्हणाले, "परीक्षेला जाताना त्याच्या हातावर घालायचीस ना? ते राहिलं असेल." इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस रेडिओ ऐकतो.

वात लावली. रेडिओ बांधलेला होता, घर अगदी गप्प. हे माझ्यामागे वाटी धरून उभे. कडी हलली.

"आई, येतो."

दार उघडलं. घाईत अर्धं दही उंबऱ्यावरच सांडलं. उरलेलं बोटांवर घेऊन मी हात पुढे केला, त्याचा तळवा असायचा तिथे. गार लागलं ग. ओलं आणि गार. आपल्यात जे कधी कुणाला म्हणत नाहीत, वैऱ्यालाही दारातून म्हणत नाहीत, ते मी माझ्या पोटच्या पोराला म्हटलं.

"जा, बाळा. जा तू."

काहीच झालं नाही. समोर भाभीजींनी अंगणातला दिवा लावला. मी हात तसाच धरून उभी. वाटलं, चुकलं आपलं, दुखावला तो. आणि मग रस्त्यावरून, फाटकाच्याही पलीकडून, चिडवतानाचा त्याचा तो हसरा आवाज आला, सर्दी नाही, काही नाही, स्वच्छ:

"जातो, आई."

ह्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "जातो म्हणाला."

"आणि तू?"

"मी दुरुस्त नाही केलं."

हे वाटी घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. चार वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, दह्याचाच हात.

आज दिवेलागणीला कुणी आलं नाही. मी दारात उभी होते. मग दार लावून घेतलं.

उद्याची रात्र समोर भाभीजींकडे काढून परवा निघतो आहोत, आग्र्याला गाडी बदलून. स्टेशनवर गर्दी करू नका, सदाशिवरावांना हमालाशी हुज्जत घालायला मात्र आणा. प्रतिमाला म्हणावं, मावशी नव्या मोजड्या आणतेय, रबरी तळ शिवून घेतलेल्या.

भुसावळला उतरल्यावर तुझ्या गळ्यात पडून 'आले' म्हणेन. तोवर,

येते,
ताई