पाण्याच्या बाजूला उभी राहा

ताई,

किल्ली शेजारच्या काकूंनी दिली असेलच. जेवण फ्रिजमध्ये आहे, भावोजींचं अळणी निळ्या डब्यात. गीझर लावल्यावर दहा मिनिटं दम धर.

उद्या बाराच्या आत बंदरावर पोचा. जहाज चारला सुटतं, पण गेट अडीचलाच बंद होतं, मग कितीही गयावया करा, उघडत नाहीत. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि त्या केबिनमध्ये येईपर्यंत संध्याकाळ होते, तेव्हा पासपोर्ट आणि गोळ्या पर्समध्येच ठेव. सकाळी हिंडायचंच तर जुन्या बाजारापर्यंत चालत जा. टॅक्सीवाला दीपगृह दाखवतो म्हणेल. अजिबात जाऊ नका, येताना बोटींसाठी पूल उघडला की तासभर अडकून पडाल.

खरं तर शहर मीच दाखवायला हवं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत ड्यूटी आहे, पण ती मी मागून घेतली. बाबा गेले तेव्हाही ड्यूटी आहे म्हणालो होतो. नव्हती, ताई. दोन दिवस याच खोलीत बसून होतो. घाबरलो होतो. हे तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस आजही झालं नाही.

जहाज सुटताना सगळे शहर बघायला धक्क्याकडच्या कठड्याशी गर्दी करतात. तू पाण्याच्या बाजूला उभी राहा. तुमचं जहाज ओढून बाहेर काढणारी लाल टगबोट माझीच. मी हात हलवीन. तू नाही हलवलास तरी चालेल, फक्त उभी राहा.

धाकटा